सोनपाखरू छापाचा कट्टा

छोटा हत्ती टेम्पो किराणा दुकानासमोर थांबला, हमालानं पाठीवरचा डाळीचा कट्टा धप्पकन खाली टाकला, आणि वैभवीच्या हातातला चहा तिच्याच ओढणीवर सांडला. चटका बसला तो नंतर कळला. आधी दिसलं ते पाखरू. पिवळं, चोचीत दाणा धरलेलं, शेपटी जरा जास्तच लांब काढलेलं सोनपाखरू, आणि त्याच्याखाली लाल अक्षरांत ‘तूर डाळ’. कट्ट्याचं तोंड मशीननं शिवलेलं होतं, दोरा पांढराशुभ्र, आणि जमिनीवर आपटल्याबरोबर शिवणीतून डाळीची बारीक धूळ उडाली. वाशीमच्या बसस्टँडबाहेर रोज सकाळी असे कितीतरी कट्टे उतरतात, कोणी मान वळवूनही पाहत नाही. वैभवीनं मात्र असं पाहिलं, जणू ज्याचं तेरावं जेवून आलो तोच माणूस समोरून चालत यावा. कारण हे पाखरू ज्या मिलचं, ती बंद पडली आहे असं तिनं कालच लिहून पुण्याला पाठवलं होतं.

नुसतं लिहिलं नव्हतं, नटवून लिहिलं होतं. ‘किन्हीराजाजवळची ही शेवटची दालमिलही दोन वर्षांपूर्वी थंडावली.’ त्यातला ‘थंडावली’ हा शब्द सुचला तेव्हा ती खुर्चीतून उठून खोलीत एक चक्कर मारून आली होती. रिठदच्या दौलतरावांची ही मुलगी वाशीमला भाड्याची खोली घेऊन पुण्याच्या एका मासिकासाठी उद्योगधंद्यांची माहिती खणून काढायची. कोणती कंपनी कधी निघाली, कुणी चालवली, कशानं बुडाली, कोणता धंदा वर येतोय, सगळं शोधायचं आणि टाचण करून पाठवायचं. त्या टाचणांवर पुण्यातलं कोणीतरी लेख लिहायचं आणि नाव त्या कोणाचं तरी यायचं. दौलतरावांना हे काम काय आहे ते आजवर समजलं नव्हतं. कोणी विचारलं तर ते ‘पोट्टी कंपूटरवर हाय’ असं सांगून विषय मिटवायचे. आता पहिल्यांदाच अख्खा लेख तिनं लिहिला होता, दसऱ्याच्या विशेष अंकासाठी, आणि त्यावर तिचं नाव येणार होतं. ‘विझलेल्या मिली’ हे शीर्षक संपादक मंजुषाताईंना इतकं आवडलं होतं, की त्यांनी फोनवर ते दोनदा म्हणून पाहिलं होतं. जिल्ह्यातल्या दालमिली एकामागून एक कशा विझल्या त्याचा तो लेख, आणि शेवटची विझलेली मिल ही किन्हीराजाची. अख्खा लेख त्या एका वाक्यापाशी येऊन थांबत होता. आणि ते वाक्य आता दुकानाच्या पायरीशी पोट फुगवून बसलं होतं.

ती जवळ गेली. जुना कट्टा असेल, असं तिनं मनाला सांगून पाहिलं. वऱ्हाडात कट्टा कधी मरत नाही. खताच्या पोत्यात सोयाबीन भरतात, सिमेंटच्या पोत्याचं पायपुसणं करतात, फाटलंच तर न्हाणीच्या दाराला बांधतात. तिची आई रुख्मिणी साखरेच्या कट्ट्यात हरभरा भरून दाभणानं सुतळीचे असे आडवेतिडवे टाके घालायची, की बाजारात कुठूनही तिला आपलं पोतं ओळखू यायचं. कट्ट्यावर काय छापलंय ते आमच्याकडे कोण वाचतं, टाका पाहतात. आणि टाका पाहिला म्हणूनच वैभवीला मनाची समजूत घालता येईना. हा टाका हाताचा नव्हता. ही शिवण मिलमधली होती आणि ताजी होती. ती वाकली आणि तिनं चक्क कट्ट्याचा वास घेतला. तुरीला मिलमध्ये लावतात त्या तेलपाण्याचा वास, उन्हात तापलेल्या टरफलाचा वास.

“काय मॅडम,” दुकानदार सतीशभाऊ गल्ल्यावरून म्हणाले, “डाळ पायजे का नुसता वास?”

“भाऊ, हा माल कुठला?”

“किन्हीराजाचा. आताच उतरला.”

“ते मिल तं बंद हाय ना?”

“बंद?” सतीशभाऊंनी कट्ट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “मंग काय भूत डाळ पाडून राह्यलं का तठी?”

हमाल हसला. वैभवीही हसली, पण कट्ट्यावरची नजर न काढता.

पानं दुपारी छापखान्यात जाणार होती. चहाचे पैसे देता देता तिच्या मनात जे आलं ते आलंच, ते लपवण्यात अर्थ नाही: गप्प बसावं. पुण्यात किन्हीराजा कोणाला माहीत आहे? मासिक किन्हीराजाला येतं तरी का? आणि एवढी मिळालेली जागा, एवढं जमून आलेलं शीर्षक, आपलं नाव. हे सगळं एका कट्ट्यापायी घालवायचं? तिनं स्वतःलाच विचारलं, आणि पाय मात्र तोवर किन्हीराजाच्या वाटेवरच्या मालेगावच्या गाडीकडे चालायला लागले होते. तिच्या पायांना तिच्यापेक्षा अक्कल जास्त आहे असं तिची आई म्हणायची. खिडकीजवळ बसून तिनं फोन लावला.

“मंजुषाताई, ती किन्हीराजाची मिल चालू असावी असं वाटतंय.”

“वाटतंय?” पलीकडे की-बोर्ड वाजत होता. “वैभवी, तू स्वतः जाऊन आलीस ना? कागद पाहिलेस, फाटकाशी उभी राहिलीस. आता काय झालं?”

“कट्टा दिसला. ताजा.”

“एका पोत्यावरून पानं थांबवू? सगळं लागलंय गं. पुरावा असेल तर पानं जायच्या आत कळव, नाहीतर जाऊ दे.”

गाडी सुटली आणि वैभवी मनानं मागे मागे जायला लागली. मंजुषाताईंनीच तिला हे काम शिकवलं होतं. कंपनी स्वतःबद्दल जे सांगते ती तिची स्वतःच गायलेली आरती, ती ऐकायची आणि बाजूला ठेवायची. मग सरकारदरबारी काय नोंद आहे ते पाहायचं. मग स्वतः जाऊन फाटकाशी उभं राहायचं. कागद आणि डोळे एकच बोलले की लिहायचं. तिनं तसंच केलं होतं, अगदी देवाशपथ तसंच. सोनपाखरू छापाच्या कंपनीचं नाव नोंदणीतून कमी झालेलं तिनं पाहिलं होतं, उद्योगांच्या यादीत पुढे ‘बंद’ असं लिहिलेलं पाहिलं होतं. आणि मग फाटकाशी गेली होती. मोठं कुलूप. झाडून ठेवलेलं रिकामं आवार, एक दाणा म्हणून नाही. भिंतीशी ताडपत्रीखाली कसला तरी ढीग, तिनं तो भंगाराचा धरला. धुराड्यातून धूर नाही, आवाज नाही, माणूस नाही. कंपनीची पाटी काढून नेल्याच्या चार खुणा भिंतीवर, आणि सावलीत झोपलेलं एक कुत्रं, तेसुद्धा भुंकलं नाही. तिला वाटलं होतं, एखादा धंदा मरतो तेव्हा असाच मरतो, झाडून पुसून, कोणाला त्रास न देता. ती शांतता तिनं लेखात जशीच्या तशी उचलून ठेवली होती. मग चुकलं कुठं? ती एकेक गोष्ट हातात घेऊन उलटसुलट करून पाहत होती. कागद खोटा नव्हता. कुलूप खोटं नव्हतं. शांततासुद्धा खोटी नव्हती, ती तिनं स्वतःच्या कानांनी ऐकली होती. एवढ्या सगळ्या खऱ्या गोष्टी मिळून खोटं कसं काय बोलल्या, हे तिला उमगेना.

मालेगावला उतरून ती काळीपिवळी जीपमध्ये बसली. बारा माणसांच्या जागी अठरा. तिच्या मांडीवर अर्धी चतुराबाई नावाची एक म्हातारी आणि चतुराबाईच्या मांडीवर टोपली. बाहेर सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. जीप एका बैलगाडीमागे रेंगाळली. बैलांच्या शिंगांचा रंग उडत आला होता, पाठीवर गेरूचे पुसट ठसे. पोळ्याचा रंग अजून गेला नाही, तिच्या मनात सहज आलं. पोळ्याला ती रिठदला होती. दौलतराव बैलांच्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळत होते, तिनं ताटात पुरणपोळी आणून दिली होती आणि दोन्ही बैलांनी ती तिच्या हातातून खाल्ली होती. त्यांच्या जिभेचा खरखरीतपणा तिला आता, या जीपमध्ये, तळहाताला जाणवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती धाकट्या भावाला म्हणाली होती, हरीओम, मोटारसायकल काढ, मले किन्हीराजाले जायचं हाय. आणि हरीओम, जो एरवी ‘वावरात काम हाय’ म्हणून बहिणीला बसस्टॉपपर्यंतही सोडत नाही, तो त्या दिवशी एका शब्दात तयार झाला होता. वाटेत तो मोठ्यानं बोलतही होता, वाऱ्यात. काय बोलत होता? आपण मागे बसून काय ऐकत होतो? आपण तर फाटकाचा फोटो कसा घ्यायचा याचा विचार करत होतो. हरीओम म्हणत होता, आज कर हाय म्हणून आलो, ताई. नाहीतर कोन येते तुह्या संगं.

कर. पोळ्याची कर. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, वावरात कोणी जात नाही, मजूर कामावर येत नाही, आणि आला तरी त्याला कोणी काम सांगत नाही. जिल्ह्यातली एकूणएक गोष्ट त्या दिवशी बंद असते. शेतकऱ्याची मुलगी, आदल्या दिवशी बैलांना पोळी भरवून, करीच्या दिवशी दालमिल चालू आहे का ते पाहायला गेली होती! तिच्या वहीत त्या दिवसापुढे ‘शनिवार’ लिहिलं होतं. पुण्याला शनिवार असतो, मुंबईला असतो. रिठदला आणि किन्हीराजाला त्या दिवशी कर होती. वाशीमच्या खोलीत बसून पुण्यासाठी लिहिता लिहिता तिनं पुण्याचंच कॅलेंडर भिंतीवर नव्हे, डोक्यात टांगून घेतलं होतं. लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण लाजेच्या आधी हसू फुटलं. ती एकटीच, खदाखदा, अठरा माणसांत हसायला लागली.

“काय झालं वं माय?” चतुराबाईनं टोपली सावरत विचारलं.

“मावशी, करीच्या दिवशी मी मिल चालू हाय का पायाले गेलती!”

“करीले?” म्हातारीनं कपाळावर हात मारला. “अवं, करीले तं आमची सून बी चालू नसते!”

सगळी जीप हसली. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि पुढच्या वळणावर पुन्हा एकदा आठवून हसला. वैभवीला इतक्या दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. चूक सापडली होती, आणि ती तिची स्वतःची, घरची, ओळखीची चूक होती.

मिलचा आवाज फाटकाच्या बऱ्याच अलीकडे सुरू झाला. आधी कानाला नाही, तळपायाला कळला. तीच भिंत, त्याच चार खुणा, पण फाटक सताड उघडं आणि आवारभर मूग उन्हात पसरलेला. हिरव्यागार मुगातून एक बाई पायांनी रेघा ओढत चालली होती, ओलसर दाणा खालून वर यावा म्हणून. ताडपत्री बाजूला गुंडाळून ठेवली होती. तिच्याखालचं ते ‘भंगार’ म्हणजे तुरीच्या पोत्यांची थप्पी होती. आणि ते कुत्रं! ते आज इतकं भुंकलं, की आतून माणूस बाहेर आला. उंच, पांढऱ्या मिशांचा, डोक्याला रुमाल, अंगभर डाळीची पिवळी भुकटी.

“कोन पायजे?”

तिनं नाव सांगितलं, काम सांगितलं, करीचंही सांगून टाकलं. गुलाबसिंग राठोडांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि मुगातल्या बाईला हाक मारली. “कमली! हे पोरगी करीले आलती म्हने, अन् आपल्याले मारून टाकलं पेपरात!”

कमलीबाई मुगातूनच म्हणाल्या, “मंग आता जित्ते करून जाय म्हना. अन् च्या पिऊन जाय.”

चहा पिता पिता सगळं निघत गेलं. मालकाची कंपनी बुडाली, मालक नागपूरला निघून गेला, मिलला कुलूप लागलं. तांड्यावरची, म्हणजे गावाशेजारच्या बंजारा वस्तीतली माणसं दर हिवाळ्यात ऊसतोडीला जायची, त्यांच्या टोळीचे मुकादम म्हणजे हे गुलाबसिंग. एका वर्षी तांड्यानं आणि गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून गट केला, मालकाकडून मिल भाड्यानं घेतली, आपलीच तूर, आपलाच मूग, आपणच डाळ करायची. “कंपनी मेली, मॅडम. मिल कायले मरते? मिलले काय कंपनीचं नाव माहीत हाय?” गुलाबसिंग बोलायला लागले की हात कमरेवर जायचे. त्यांच्या सांगण्यावरून तरी, हे त्यांच्याआधी जिल्ह्यात कोणी केलं नव्हतं. वैभवीनं मध्येच विचारलं, मग पाटी का नाही? “बोर्ड लावला का वर्गनीवाले येतेत.” फोन का उचलत नाही, मी किती वेळा केला? “अनोळखी नंबर म्हंजे कोनी तरी काही तरी इकून राह्यलं.” आणि कट्टे सोनपाखराचे का? “गोडाऊनभर उरले होते. मालक म्हने वापरा. फेकून द्याचे का?”

म्हणजे जो कट्टा पाहून ती इथवर आली, तो कट्टाही खोटंच बोलत होता. त्यावरचं पाखरू मेलेल्या कंपनीचं होतं. खऱ्या कागदानं आणि खऱ्या कुलपानं तिला खोट्यापाशी नेऊन बसवलं होतं, आणि एका खोट्या पाखरानं चोचीत धरून खऱ्यापाशी आणून सोडलं होतं. हे तिला इतकं आवडलं, की तिनं दुसरा कप मागितला. पण आता ती कोणाच्याच बोलण्यावर, अगदी या रुबाबदार मिशांवरही, विसंबणार नव्हती. तिनं भाडेकरार मागितला. विजेचं बिल मागितलं. माल कोण घेतो ते विचारलं आणि त्या घेणाऱ्याला तिथूनच फोन लावला. माल भरत असलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला बाजूला नेऊन तेच प्रश्न उलट्या बाजूनं विचारले.

“पोलीस हाय का तू?” गुलाबसिंगांच्या मिशा थरथरल्या.

“नाई, काका. एकडाव मारलं तुमाले. आता जित्ते केल्यावर पुन्हा कोनं मारू नये, म्हणून विचारून राह्यली.”

ते गडगडून हसले. “इचार. काय इचाराचं ते इचार. अन् कामरगावले बी जाय. तठी बी आमचं पाहून एका गटानं मिल घेतली हाय.”

“तुमी म्हणता म्हणून नाई लिहिनार. पाहूनच लिहीन.”

रस्त्यावर येऊन, जरा आवाज कमी झाल्यावर, तिनं फोन लावला. मंजुषाताईंनी सगळं ऐकलं आणि सुस्कारा सोडला. “बरं झालं कळवलंस. ते एक वाक्य काढून टाकते. बाकी लेख जाऊ दे, छान आहे.”

किती सोपं होतं. वाक्य निघालं असतं, शीर्षक राहिलं असतं, नाव राहिलं असतं, आणि कोणाला काही कळलंही नसतं. डांबरावरून ऊन परतत होतं, मागे मिल धडधडत होती.

“नको, ताई,” ती म्हणाली, आणि आपला आवाज एवढा ठाम कुठून आला याचं तिलाच नवल वाटलं. “वाक्य काढून खोटं जाईल, पण खरं येणार नाही. लेखच चुकलाय. मिली विझल्या नाहीत, हात बदललेत. कंपन्यांच्या यादीत शोधलं म्हणून मला सगळं मेलेलंच सापडलं. मला लेख परत द्या.”

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला.

“दसऱ्याचा अंक आहे, वैभवी.”

“माहीत आहे.”

“तुझी पानं मोकळी ठेवते. दोन-तीन दिवस, त्यापुढं नाही. नाही आलं तर तिथं साबणाची जाहिरात जाईल, आणि पुढं लेखावर तुझं नाव घालायचं मी काही बोलणार नाही.”

त्या दोन-तीन दिवसांत वैभवी जिल्हाभर अशी फिरली, की काळीपिवळीवाले तिला जागा धरून ठेवायला लागले. हरीओमला तिनं फोन केला तेव्हा तो म्हणाला, “आज कर नाई, ताई, काम हाय,” आणि तरी आला. कामरगावला मिल खरंच चालू होती. गुलाबसिंगांनी सांगितलं होतं त्याच्या निम्मीच मोठी, पण चालू. तिथं गटाची अध्यक्ष सुकेशनी नावाची, तिच्याच वयाची मुलगी निघाली. ती प्रश्नाचं उत्तर देण्याआधी तिलाच दोन प्रश्न विचारायची. काही मिली मात्र खरोखर मेल्या होत्या. एकीच्या भिंतीतून पिंपळ उगवला होता, एकीत शेळ्या बांधल्या होत्या. त्यांच्यापुढे तिनं तितक्याच शांतपणे ‘बंद’ असं लिहिलं. मेलेलं मेलेलं म्हणून लिहिण्यातही एक समाधान असतं, ते तिला नव्यानं कळलं. आता ती प्रत्येक ठिकाणी आधी विचारायची, काल इथं काय होतं, उद्या काय आहे, बाजार कोणत्या वारी, कोणाच्या घरी लग्न आहे. रिठदला एका दुपारी घाईनं जेवताना दौलतरावांनी विचारलं, “असं नेमकं काय शोधून राह्यली तू?” तिनं सांगितलं. सगळं, कट्ट्यापासून करीपर्यंत. दौलतरावांचा घास हातात राहिला. “म्हंजे कोनता धंदा जित्ता अन् कोनता मेला, हे पायाचं काम हाय तुह्यं,” ते म्हणाले, “मंग आधी सांगाचं ना.” तिचे डोळे भरून आले, आणि तिनं ते ठेच्यावर ढकललं.

लेख तिनं एका बैठकीत लिहिला आणि पाठवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा किन्हीराजाला गेली. गुलाबसिंगांच्या तोंडी घातलेली वाक्यं त्यांना वाचून दाखवायची होती. मिलच्या आत, चाळण्यांच्या गदारोळात, ती ओरडून वाचत होती आणि ते ओरडून ‘बरोबर!’ म्हणत होते. दोन्ही कानांत, दातांत, छातीच्या पिंजऱ्यात मिल घुमत होती. तेवढ्यात फोन थरथरला. मंजुषाताई.

“...पहिलं पान...” तुटक ऐकू आलं. “...मुखपृष्ठावर तुझं... हॅलो? कसला आवाज आहे तिथं? काही ऐकू येत नाही!”

तिचा चेहरा पाहून गुलाबसिंगांना वाटलं, पोरीला फोनवर बोलायचं आहे. त्यांनी बटणापाशी उभ्या असलेल्या माणसाला हात केला, बंद कर. त्याचा हात खटक्यावर गेला.

“नका!” वैभवी किंचाळली. तिनं धावत जाऊन त्या माणसाचा हात धरला. “नका बंद करू! चालू राहू द्या!”

आणि फोन कानाशी न धरता, तिनं तो उंच, चाळण्यांच्या दिशेनं धरला. हात पिवळ्या धुळीनं भरला, डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. पलीकडे पुण्यात मंजुषाताई ओरडून विचारत होत्या, “वैभवी, हे काय आहे?”

“मिल आहे, ताई!” ती त्या सगळ्या आवाजाच्या वर ओरडली. “ऐका!”